देठाला न टेकणारं पान

जुळे सोलापूर
शुक्रवार

प्रिय सिद्धलिंग,

या खोक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, ती बसव्वा काकूंनी पाठवली आहे. पत्र मी घातलंय, त्यांना सांगून. तेव्हा माझ्यावरचा राग चटणीवर काढू नकोस. तुझा हैदराबादचा पत्ताही मला त्यांच्याकडूनच मिळाला. मला द्यायचा राहून गेला असेल, असं समजून घेण्याइतकी मी भोळी नाही. तुला माहीतच आहे, भाजीवाल्यानं मेथीची जुडी हातात दिली की मी दोरा सोडून आतली पानं बघते. तू गेल्यापासून हा स्वभाव कमी झालेला नाही, वाढलाच आहे, आणि त्याला कारण तूच आहेस.

आधी इकडची खबर देते. चादरींचा कारखाना चिंचोळीतच आहे. मी अजून स्कूटीवरून हायवेनं जाते आणि ट्रकवाल्यांना शिव्या देत पोचते. मालक उदयसिंह अजून भेटेल त्याला "काय विशेष?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. आपल्या मागावरचे ईरप्पा काका रिटायर होऊन बाळे गावातल्या घरी असतात. यंदा गड्ड्याच्या जत्रेत भेटले तेव्हा बसव्वा काकूंचा हात धरून गर्दीतून चालले होते. मला बघितल्यावर सोडला. माझं म्हणशील तर केस पांढरे झालेत आणि जीभ तशीच आहे.

आपली कामाची पद्धत बाहेरच्या कोणी पाहिली असती तर त्याला वाटलं असतं, या दोघांचं आज पोलिसात जायचं ठरलंय. एकानं ग्राफवर डिझाइन काढायचं आणि दुसऱ्यानं त्यात खोट काढायची. खोट निघाली नाही तर डिझाइन मागावर जायचंच नाही. खोट सापडत नाही म्हणजे बघणाऱ्यानं नीट बघितलेलं नाही, हा तुझा नियम. माझ्या मोराला तू कोंबडा म्हणायचास. तुझ्या वेलीला मी गवार म्हणायचे. आवाज फारच चढले की ईरप्पा काका माग थांबवून यायचे आणि म्हणायचे, "झालं का तुमचं? का मी जेवून येऊ?" मोराचा कोंबडा, कोंबड्याचा परत मोर होता होता शेवटी जो पक्षी चादरीवर उतरायचा तो ना तुझा असायचा ना माझा. मला तो फार आवडायचा. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

मग मालकांनी त्या हैदराबादच्या कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. चार शब्द टाका, डिझाइन घ्या. त्याच्या आधी आठवडाभर तू आपल्या कपाटातली सगळी जुनी डिझाइनं स्कॅन करत बसला होतास. मी विचारलं तर म्हणालास, मालकांनी सांगितलंय, जपून ठेवायची आहेत. पुढच्या महिन्यात तू नोकरी सोडलीस. घरची अडचण म्हणालास. कोणती ते सांगितलं नाहीस. फोन लावला तर नंबर बंद. आता तूच सांग, माझ्यासारख्या बाईनं यातून काय समजायचं? जे समजायचं ते मी समजले. आपल्या दोघांचं काम तू त्या कंपनीच्या पदरात टाकलंस आणि स्वतःची सोय लावून घेतलीस. दोन वर्षं मी तुझं नाव तोंडातून काढलं नाही. कोणी विचारलंच तर, गेला मोठा होऊन, एवढंच म्हणायचे. त्या वाक्यानंतर लोक पुढचं विचारत नाहीत.

प्रोग्रॅम तसा गुणी आहे. मी डिझाइन मागते, ते येतं, मी तपासते आणि पास करते. काही चुकलं तर शेजारी सूचनांची खिडकी आहे, तिच्यात लिहायचं. चहा गार होण्याच्या आत उत्तर येतं, "नोंद घेतली. सुधारित डिझाइन जोडले आहे." दिवसभर एवढंच. संध्याकाळी घरी गेल्यावर लक्षात येतं, आज आपण कोणाला एक शब्द वाकडा बोललो नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच. काम वेळेवर होतं, मालक खूश असतात, आणि मला मात्र गेल्या वर्षी पास केलेलं एकही डिझाइन आठवत नाही.

दिवाळीच्या ऑर्डरसाठी एक वेल आली. डाव्या किनारीपासून वीतभर आत एक पान देठाला टेकलेलं नव्हतं. मधे बारीक उभी रेघ मोकळी. मी लिहिलं, पान जोडा. जोडून आलं. पुढच्या डिझाइनमध्ये पुन्हा त्याच जागी पान सुटलेलं. मग मी मागची सगळी डिझाइनं उघडून बघितली. पान असो, पाकळी असो, मोराची मान असो, त्या रेघेवर जे येईल ते तुटलेलं. सिद्धलिंग, ती रेघ जगात एकाच माणसाची आहे. पूर्व भागातल्या जुन्या कारखान्यात काकांच्या मागाचं एक हुक उचलायचंच नाही. तिथला दोरा वर येत नसे आणि चित्रात भेग दिसे. दुरुस्ती कोणी करेना, म्हणून तू चित्रंच अशी काढायला लागलास की त्या जागी काही येऊच नये. पुढे चिंचोळीत नवे माग आले, तो जुना भंगारात गेला, तरी तुझा हात ती रेघ सोडतच राहिला. मी किती हसायचे, अरे, मेला तो माग, आता तरी पान जोड. तू म्हणायचास, हाताला कोणी कळवलंच नाही.

म्हणजे एक तर आपली डिझाइनं गिळून त्या प्रोग्रॅमनं तुझी खोडही उचलली होती, नाहीतर खिडकीमागे तूच बसला होतास. पहिलं असेल तर तू चोर, आणि दुसरं असेल तर चोर तो चोर, वर लपून बसलेला. खरं सांगू? मला बरं वाटलं. कित्येक दिवसांनी भांडायला काहीतरी सापडलं होतं.

मी परीक्षा घ्यायला लागले. तुला फिका जांभळा बघवत नाही, म्हणून फिक्या जांभळ्या रंगाचे पोपट मागितले. आले. पण रंग इतका मरगळलेला की पोपट तापानं फणफणल्यासारखे दिसत होते. आता याला राग म्हणायचं की मशीनची अक्कल? मग एकदा आपल्या घरच्या कानडीत लिहिलं, "ऊट आतेनु?" जेवलास का, एवढंच. उत्तर आलं, "कृपया डिझाइनसंबंधी सूचना लिहा." पण ते आलं जेवणाची सुट्टी संपल्यावर. त्या दिवशी माझा चहाच काय, भाकरीही गार झाली होती. मग मी सरळ तोंड सोडलं. तुझ्या वेलीला पुन्हा गवार म्हटलं, काढणाऱ्याचे डोळे कुठं गहाण पडलेत असंही विचारलं. मालक मागे येऊन उभे होते. म्हणाले, "अहो शिवानीताई, मशीनला कशाला बोलताय? त्याला काय वाटणार आहे?" मी म्हटलं, तेच बघतेय.

शेवटी मी एक गोष्ट केली. तिच्याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण. मालक पुण्याला गेले होते, ऑफिसात कोणी नव्हतं. मी खिडकीत लिहिलं, "कडेची पट्टी थोडी रुंद करा. आणि आपले ईरप्पा काका काल गेले." काका त्या वेळी बाळ्यातल्या घरी कट्ट्यावर बसून शेंगा फोडत असतील. मला वाटलं, मशीन असेल तर मुकाट्यानं पट्टी रुंद करून पाठवेल. पट्टी आली नाही. संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले, तांत्रिक अडचण आहे. मी त्या रिकाम्या खिडकीसमोर बसून राहिले. माझा संशय खरा ठरत होता आणि पहिल्यांदाच मला त्याचा आनंद होत नव्हता. लगेच खरं लिहून टाकायला हवं होतं. बोटं पुढे झाली नाहीत.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "शिवानी, अगं सिद्धलिंग आलाता की! हातात ह्यो एवढा हार. बसव्वानं दार उघडलं तर तिच्या पायाशीच बसून रडाय लागला. मी आतनं विचारलं, कोण गेलं रं बाबा? मला बघितलं आन् खांबाला धरून उभाच ऱ्हायला." हसत हसत सांगत होते. फोन करून खात्री करून घ्यावी, हे तुझ्या मनात आलं नसणार. मयताच्या घरी फोन करायचा नसतो, जायचं असतं, हे आपल्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. मी तुला नेमकं तिथंच धरलं. तो हार काकूंनी देवाला घातला आणि तुला जेवायला बसवलं. काकांनी मला सगळं सांगितलं. "काम हाय, पन नाव न्हाय म्हनत होता," असं म्हणाले. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की सगळं मशीनच करतं, म्हणून खिडकीमागे बसणाऱ्या तुम्हा लोकांना कुठं बोलायची बंदी. आपली डिझाइनं मालकांनी तुला न विचारता देऊन टाकली होती, आणि मशीन त्या डिझाइनांचं जे करत होतं ते बघवेना म्हणून तू तिथं दुरुस्तीला जाऊन बसलास, असंही म्हणालास म्हणे. हे खरं, की काकांना बरं वाटावं म्हणून रचलेलं, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी सहजी विश्वास ठेवणार नाही. पण हार घेऊन हैदराबादहून धावत येणारा माणूस परका नव्हे, एवढं मला मान्य करावं लागतं. माझी बातमी खोटी होती हे कळल्यावरही तू काकांना माझं नाव सांगितलं नाहीस. त्यांनी ते ओळखलं, ती गोष्ट वेगळी. आणि मला न भेटता तू परत गेलास. मला त्याचं फार वाईट वाटलं.

तुला पकडल्याची फुशारकी मारायला हे सगळं लिहिलंय, असं तुला वाटेल. सोमवारपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. सोमवारी खिडकी पुन्हा चालू झाली. आता मी लिहायला आणि उत्तर यायला एकच गाठ पडते. फिका जांभळा मागितला तर सुंदर आला. वेलीचं पान न् पान देठाला चिकटलेलं. शिवी दिली तर आभार मानले. आठवडाभर मी एकेक डिझाइन मोठं करून शोधतेय, कुठं काही तुटलेलं सापडत नाही, आणि मला घाम फुटलाय. माझ्या त्या बातमीमुळे तू काम टाकून उठून आलास, आणि त्यापायी त्यांनी तुला काढलं, असा मला संशय आहे. आजवरच्या माझ्या संशयांतला हा एवढा एक तरी खोटा निघू दे. रागानं हात आखडून बसला असशील तर खुशाल बस, वर्षभर बस, मला चालेल. पण काम गेलं असेल तर ते लपवू नकोस. ते मी घालवलंय आणि मालकांसमोर उभं राहून तुझ्यासाठी भांडायचं ते मीच भांडेन. माझा नंबर तोच आहे. खोकं पोचल्याचं काकूंना कळव, पण त्याआधी मला फोन कर आणि तू अजून तिथं आहेस की नाही, एवढं सांग.

तुझीच,
तुझ्यावर अजून पुरता विश्वास न बसलेली
शिवानी