नागपूरची तार

डोंबिवली,
ता. १२ डिसेंबर १९५७

प्रिय महिपत,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. इकडे सगळे ठीक. आमच्या हिचा, हेमाचा खोकला उतरला. आमच्या विहिरीचं पाणी यंदा लवकर खाली गेलंय, बाकी विशेष नाही. रंगूवहिनींना जाऊन सव्वा महिना झाला. तू वेळेवर जेवतोस ना?

माझ्या नव्या नोकरीचं ठाण्यात तुमच्या खोपटपर्यंत कळलंच असेल. विद्यापीठात परीक्षा विभागात कारकून म्हणून लागलो, पुढे क्रीडा विभागाचा चिटणीस झालो, संघ घेऊन लाहोरपासून मद्रासपर्यंत हिंडलो. आपल्या मालनच्या खो-खो संघाने नागपुरात ढाल जिंकली, तेव्हा फोर्टातल्या एका प्रवासी कंपनीच्या मालकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "बारा मुली, एवढा प्रवास, आणि एक तक्रार नाही! मॅनेजर म्हणून असाच माणूस हवा."

मी जाणार नाही तिथे.

तू लिहितोस, 'सोमवारी नागपूरच्या तार-ऑफिसात चौकशी आहे. त्या आनंदा शिपायाने तार एक दिवस उशिरा दिली, म्हणून माझ्या पोरीला आईचं तोंड दिसलं नाही. गोपी, तू साक्षीला चल. त्याला मी सोडणार नाही.'

महिपत, तार वेळेवर आली होती.

अंतिम सामन्याच्या दिवशी, सकाळी आठला. आम्ही एका शाळेत उतरलो होतो. तिच्या ओट्यावर बसून मी खेळाडूंची यादी करत होतो. आनंदा सायकलवरून उतरला, मी सही केली, तार उघडली. 'आई अत्यवस्थ. मालनला ताबडतोब पाठव.' दहाला मेल होती. सोबत देऊन तिला बसवली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत ती तुझ्या दारात असती. वहिनी गेल्या त्या दिवशी दुपारी एकला. गाड्यांच्या वेळा मला कुणी सांगायला नकोत.

तार मी कोटाच्या खिशात घातली. मालन कप्तान, तिच्यावाचून संघच नव्हता. वरून बजावलेलं, यंदाही हात हलवत आलात तर मुलींचे सामने बंद. मी मनाची समजूत घातली, की हे बारा मुलींसाठी करतोय. खरं सांगायचं तर ढाल मला हवी होती.

मैदानावर निघताना ती जवळ आली.

"काका, घरून काही पत्र? आईला बरं नव्हतं."

"नाही गं. तू खेळाकडे लक्ष दे."

अशी खेळली, की सामना संपल्यावर हरलेल्या मुलीही तिला भेटायला आल्या. तार तिला मी दुसऱ्या दिवशी सकाळी दिली. 'आत्ताच आली' म्हणालो.

तू तक्रार केलीस आणि चौकशीचं पत्र माझ्याकडे आलं, सोबत पावती. ही सही आपली का? मी लिहिलं, नाही. एवढ्यावर आनंदाला कामावरून दूर केलंय. त्याला तीन लेकरं आहेत, हे तुझ्याच पत्रातून कळलं.

गेल्या आठवड्यात तुझ्याकडे आलो तो सांगायचं ठरवूनच. तू चहा ठेवायला आत गेलास आणि मालन म्हणाली, "काका, मी खेळायला गेलेच नसते तर..." आणि मी, महिपत, चहा पिऊन निघून आलो.

आज सकाळी तार-ऑफिसला खरं काय ते लिहून रजिस्टर केलं. कंपनीला नकार कळवला. विद्यापीठालाही सगळं लिहिलंय, ते काय करतील ते करोत. हेमालाही सांगितलं.

सोमवारी साक्षीला मी येतोय, पण आनंदाच्या बाजूने. तू माझ्याबरोबर एका डब्यात बसणार नाहीस, हे मी धरून चाललोय. मला काय बोलायचं ते तिथे सगळ्यांदेखत बोल. पण हे पत्र आजच्या आज मालनला वाचून दाखव. ती पोर आणखी एक दिवसही स्वतःला बोल लावत बसायला नको.

तिला आईपासून अडवून ठेवणारा,
गोपीनाथ