सिंकजवळचा धाकटा नळ

तळमजला, १४ मार्च

प्रिय दादा,

आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील, कारण सकाळी घरात बूट घालून चालतोस ते खाली ऐकू येतं. एकाच घरातल्या माणसाला पत्र कसं लिहायचं, हे मला ठाऊक नाही. देसांका म्हणाली, "बायकोचं ऐक, जिना चढ आणि बोल त्याच्याशी." मी म्हणालो, "थोरला आहे, त्यानं उतरावं." शेवटी हे पत्र तिच्याच हाती देतोय.

रविवारी जो गोंधळ झाला त्याचा खुलासा करतो. आम्ही पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बसवला. त्याचा वेगळा बारीक नळ असतो, सिंकच्या काठावर बगळ्यासारखी मान काढून उभा. घरचं पाणी किती पिवळं येतं ते तुला माहीत आहेच. देसांकाची कॉफी बिघडते, म्हणून बसवला. (हे वाचून ती हसतेय. हसू दे.)

प्लंबर बोलवायचा तिचा आग्रह होता. पण जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेल्या माणसानं एका नळाला काय घाबरायचं? काठाला ड्रिलनं भोक पाडलं. सुरेख पडलं. ड्रिल मात्र वेळेवर थांबलं नाही, त्यामुळे खाली कपाटातल्या साबणाच्या बाटलीलाही पडलं.

मग तळघरात जाऊन पाणी बंद केलं. तिथं दोन व्हॉल्व्ह, एक तुझा, एक माझा. बाबांनी लावलेला रंग कधीच उडालाय. मी माझा समजून तुझा बंद केला. वर आलो, सिंकखाली डोकं घातलं, नट सोडला आणि पाण्याची धार थेट तोंडावर. देसांकाच्या हातात राजम्याच्या सूपचं पातेलं होतं. "सूप वाचवू की तुला?" म्हणाली, आणि सूप घेऊन गेली.

तेवढ्यात वरून तुझा आवाज आला, "पाणी कुठंय रे गाढवा? डोक्याला साबण आहे."

"थांब की जरा."

"डोळे चुरचुरतायत."

"मग मिटून घे."

अक्रोडाच्या फांदीवरून भांडून आपलं बोलणं बंद झालं, त्यानंतरचं हे पहिलं संभाषण. आधी तू बोललास, हे लक्षात ठेव. देसांका साक्षीला आहे.

संध्याकाळपर्यंत सगळं जोडलं. आधी काळपट पाणी आलं, ते तसंच येतं म्हणे, सोडून दिलं. मग स्वच्छ आलं. आम्ही एकेक ग्लास प्यायलो. ती म्हणाली, "चौकातल्या नळाच्या पाण्यापेक्षा बरं आहे. आता खरं लिही त्याला."

तर खरं असं, की कॉफी आधीही चांगलीच होत होती.

जानेवारीत तू चौकातून पिण्याचं पाणी भरून आलास. बाहेरच्या जिन्यात कॅन खाली ठेवलेस आणि कठडा धरून बराच वेळ उभा राहिलास. मी पडद्यामागे होतो. दार उघडलं असतं तर मला दाखवायला तू दोन्ही कॅन उचलून ताठ चढला असतास, आणि बर्फावरून गडगडला असतास. म्हणून उघडलं नाही. वहिनी असताना निदान एक कॅन तरी ती उचलायची. त्या दिवसापासून तुझी पावलं जिन्यात वाजली की माझं जेवण थांबतं. तू वर पोचलास की मग पुढचा घास.

फिल्टर दोन आणलेत. पहिला आमच्याकडे लावला तो हात बसावा म्हणून. तुझा खोका जिन्याखाली ठेवलाय. उद्या न्याहारीनंतर बसवायला येतो. चौकात जाऊ नकोस.

बोलायची इच्छा नसेल तर बोलू नकोस. नुसती बॅटरी धर. सिंकखाली फार अंधार असतो, आणि मला आता एकट्याला दिसत नाही.

तुझा भाऊ,
रादिवोय