धुमेची कणीक आणि माझं एक पान

भाऊ,

तुम्ही गेल्यावर आता भजनी मंडळ पुस्तिका काढतंय आणि तुमच्यावरचं पान तुमच्या लेकीकडे, माझ्याकडे आलंय. "तू मराठीची बाई, तुझ्याशिवाय कोण लिहिणार," म्हणत कुसगावच्या मंडळींनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि मीही फुशारून हो म्हटलं. तुमच्या पखवाजाचं कुठेही रेकॉर्डिंग नाही, आता जे काही उरेल ते या पानातच, हे नंतर लक्षात आलं आणि माझं धाबं दणाणलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. दर वेळी ढग गडगडतात, डोंगर दुमदुमतात, तुम्ही मात्र त्यात कुठे ऐकू येत नाही.

सातवीत असताना तुमच्या पखवाजावर असाच निबंध लिहिला होता मी. तुम्ही देहूरोडच्या डेपोतून नुकतेच आलाय, ओट्याशी उभ्यानेच चहा पिताय आणि मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवतेय. "ढग कुटं गडगडला गं?" तुम्ही विचारलंत. "बुवांना दमा हाय. गाताना त्यांचा दम तुटतो, तवा श्वास हुईस्तवर मी हात आवरून धरतो. ते थांबणं लिव्ह की." मी रडवेली झाले. थांबणं लिहायचं कसं, ते तुम्हीही सांगितलं नाहीत. उलट म्हणालात, "जा, धुमंला कणीक आण."

मी आईच्या परातीतला गोळाच उचलून आणला, चपात्यांसाठी तेलमीठ घालून मळलेला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, तुम्ही तो लावायला गेलात तर चामड्यावरून घसरायला लागला. कपाळावर हात मारलात. "अगं, ही खायची हाय! हितं नुस्तं पीठपाणी लागतं." मग सगळं खरवडून, पुसून मला शेजारी बसवलंत आणि नवी कणीक माझ्याच हाताने लावायला लावलीत. दर चिमटीनंतर थाप मारायचात आणि विचारायचात, "आता?" आवाज खाली खाली उतरत गेला आणि एका थापेला मीच म्हणाले, "बास." तुम्ही मान डोलावलीत. शाळेतल्या कुठल्या बक्षिसाने मी इतकी खूश झाले नव्हते. तेव्हा मला ऐकू येत होतं, एवढं नक्की.

वर्गात मी मुलांना सांगते, असं लिहा की वाचणाऱ्याला ऐकू आलं पाहिजे. आता वाटतं, उगाच सांगते की काय. ज्याने तुम्हाला ऐकलंय त्याला माझं पान वाचून आठवेल, पण ज्याने ऐकलंच नाही त्याच्या हाती काय लागणार? मग उलटंही मनात येतं. तुमचा पखवाज तरी अभंगाबद्दलच काही सांगत होता ना? की तो सांगत नव्हताच काही, नुसता सोबत चालत होता? आणि नुसतं सोबत चालणं शब्दांना जमतं का? विचार करून करून डोकं उठलंय माझं.

परवा पान घेऊन बुवांकडे गेले. ऐंशी पार केलीय त्यांनी. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "लय ग्वाड लिवलंस पोरी. पर ह्याच्यासंगं मला गाता यायचं न्हाई." माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी नातीला हाक मारली. मंडळात आता तीच वाजवते. ती पखवाज घेऊन बसली, बुवांनी फाटक्या आवाजात एक चरण धरला, मध्येच दम तुटला आणि तिचा हात थांबला. "हितं!" बुवा म्हणाले. "हितंच असा थांबायचा तुजा बाप. मीच शिकवलंय हिला. पटली का वळख?" मी हो म्हणाले. डोळे भरून आले होते, त्यामुळे बुवांचीही खात्री पटली.

भाऊ, मला काहीच ओळखता आलं नाही. ती थांबली तेवढं कळलं; ते तुमचं थांबणं होतं की तिचं, ते कळलं नाही, आणि रडू त्याचंच आलं होतं. पान उद्या छापायला द्यायचंय. त्यात मी लिहिलंय की भाऊंचा हात मी हजारांत ओळखेन. ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही.