फुकटचा नेम

ता. ९ जानेवारी

चि. लांब्यास,

आजीचा आशीर्वाद. वि. वि. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या आईचा खोकला गेला, माझे गुडघे आहेत तसेच आहेत. चार बुकं शिकलेली बाई मी, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोनवर तू हो-हो म्हणून मोकळा होतोस, म्हणून तुला कागदावर धरते.

काल दुकानात टीव्हीवर तुझा बास्केटबॉलचा सामना लावला होता. एक हात इस्त्रीवर, एक डोळा तुझ्यावर. सगळा सामना नुसता धावलास, वरच्या वर चेंडू काढलेस, समोरच्या त्या आडदांडाला हलू दिलं नाहीस. आणि शेवटची पाच मिनिटं उरली, अटीतटीची वेळ आली, तर तू बाकावर! खांद्यावर टॉवेल टाकून असा बसलास, जसा काही न्हाव्याकडे नंबर लावलायस. शर्ट न्यायला आलेल्या मास्तरांनी मला विचारलं की नातवाला ऐन वेळी नेहमीच उठवतात का. मी त्यांना सांगितलं की कॉलर अजून ओली आहे, उद्या या. ते गेले, पण त्यांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. तुझी आई म्हणते, दमला असेल. सोळाव्या वर्षी घर सोडून क्लबच्या वसतिगृहात गेलास, तेव्हापासून दुसरं काही केलं नाहीस, आणि दमलास? मला खरं काय ते कळव.

लोभ आहेच, पण थापा मारल्यास तर तो आटेल.

तुझी आजी


ता. १८ जानेवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र सरावाच्या हॉलवर आलं. पाकिटावर तू ‘लांब्या’ एवढंच लिहिलं होतंस, तरी ते बरोबर माझ्याकडे पोचलं. आता सगळा संघ मला लांब्याच म्हणतो. तुझे उपकार आहेत.

मी दमलो नव्हतो. आमच्या खेळात कुणी नियम सोडून अंगावर आला, हात ओढला, की पंच आपल्याला रेषेवर उभं करतात. मध्ये कुणी आडवं येत नाही. निवांत नेम धरायचा आणि चेंडू जाळीत टाकायचा. त्याला फ्री थ्रो म्हणतात. शाळेतली पोरंसुद्धा टाकतात, आणि मला जमत नाही. माझ्या हातात चेंडू लिंबाएवढा वाटतो आणि सुटताना तिरका जातो. निम्मेही आत जात नाहीत. हे आता सगळ्या संघांना कळलंय. शेवटी शेवटी ते मुद्दाम मलाच धरतात, कारण धरलं की घड्याळ थांबतं, आणि मी चुकणार, चेंडू त्यांना मिळणार याची खात्री असते. म्हणून मोठे सर, म्हणजे आमचे मुख्य प्रशिक्षक, मला बसवतात. त्यांचं काही चुकत नाही.

माझा करार या हंगामापुरताच आहे. मोठे सर स्पष्टच बोलले की ज्याला शेवटची पाच मिनिटं ठेवता येत नाही, त्याला पुढच्या वर्षी ठेवणं अवघड आहे.

त्यांचे मदतनीस आहेत, आम्ही त्यांना धाकटे सर म्हणतो. ते एक उपाय सांगतात. चेंडू दोन्ही हातांत धरायचा, गुडघ्यांपर्यंत खाली न्यायचा आणि तिथून वर सोडायचा. अगदी लहान मुलं टाकतात तसा. त्यांच्या मते त्यात मनगट वळतच नाही, म्हणून चेंडू सरळ जातो. असेल खरं. पण आजी, एवढ्या लोकांसमोर, माझ्याएवढ्या माणसाने? लोक हसून हसून लोळतील. त्यापेक्षा बाक बरा.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा लांब्या


ता. २५ जानेवारी

चि. लांब्यास,

आशीर्वाद. तुझ्या आईला सांगण्याची वेळच आली नाही. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

लोक हसतील म्हणतोस. अरे, तुला हसायचं लोकांनी बाकी काय ठेवलंय? तेराव्या वर्षी असा काही वाढलास की पँट पोटरीवर आली, आणि अख्खी गल्ली विचारायची, पूर आला होता का. पलंगावर तिरका झोपायचास, तरी पाय खुर्चीवर. तुझे आजोबा म्हणायचे, याला वायरमन करा, शिडीचा खर्च वाचेल. शाळेच्या सरांनी तुला खेळात घेतलं ते काही गुण बघून नव्हे. कपाटावर अडकलेला चेंडू तू उभ्याउभ्या काढून दिलास, म्हणून घेतलं. पहिल्याच सामन्यात आपल्याच जाळीत चेंडू टाकलास, तेव्हा पंचसुद्धा तोंड फिरवून हसला होता. दुसऱ्या दिवशी गेलासच ना खेळायला? मग आता एवढा नाजूक कधी झालास?

तुझ्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. धाकट्या सरांचं बरोबर की चूक, ते तू करून बघ. करूनही चेंडू जात नाही म्हणून बसलास, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण जातो, तरी दिसायला वाईट दिसतं म्हणून बसलास, तर ते मला चालायचं नाही. आणि टॉवेल पांघरून बाकावर बसलेला तू फार रुबाबदार दिसतोस, असं तुला कुणी सांगितलं?

जेवत जा. राग आला तर येऊ दे, पण उत्तर पाठव.

तुझी आजी


ता. १६ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. राग आला होता, म्हणून उत्तराला उशीर झाला.

करून बघितलं. सगळे गेल्यावर, हॉलचं दार लावून, मी आणि धाकटे सर दोघंच. आधी नुसता रिंगवर आपटायचा. आता जातो, आजी. एकामागून एक जातो. चेंडू परत देऊन देऊन धाकटे सर कंटाळले. त्यांनी मोठ्या सरांना बोलावून दाखवलं. मोठे सर हसले नाहीत. म्हणाले की सामन्यातही असाच टाक.

शनिवारी सामना झाला. टीव्हीवर नव्हता, म्हणून तुम्हाला कळलं नसेल. रेषेवर गेलो, चेंडू खाली न्यायला लागलो, आणि पहिल्या रांगेत एक जण मोबाइल रोखून बसलेला दिसला. हात आपोआप वर गेले. जुन्या पद्धतीने टाकले, दोन्ही चुकले. मोठ्या सरांनी तिथल्या तिथे उठवलं. धाकटे सर चेंडूंची पिशवी उचलून सरळ घरी गेले.

सात मार्चला हंगामातला शेवटचा सामना आहे, आमच्याच हॉलवर, सगळ्यात वरच्या संघाशी. माझं काय करायचं ते मोठे सर त्यानंतर ठरवतील. तू यावंस असं फार वाटतं. आणि तू समोर दिसलीस तर आणखी घाबरेन, असंही वाटतं. काय करू ते सांग.

तुझ्या बोलण्यासकट तू हवीच आहेस.

लांब्या


ता. २२ फेब्रुवारी

चि. लांब्यास,

आशीर्वाद. येते. जागा अशी बघ की मी तुला दिसणार नाही. मागे, वर, कुठेही चालेल. तुझी आई येत नाही. ती समोर बसली की रडते आणि मग तिला काहीच दिसत नाही. ती दुकानात टीव्ही बघेल.

हसायला लागले तर हसू दे. त्यांनी तिकीट काढलंय. तू तुझं काम कर.

तुझी आजी


ता. १० मार्च

चि. लांब्यास,

आशीर्वाद. त्या दिवशी न भेटता निघाले, कारण शेवटची बस होती आणि तुला माइकवाल्यांनी घेरलं होतं. घरी पोचले तर इथे वेगळाच सोहळा. तुझी आई टीव्हीसमोर नाचली आणि इस्त्री वकीलसाहेबांच्या बाहीवर तशीच. त्यांना आता अर्ध्या बाहीचा शर्ट मिळेल.

आधी तक्रार. दिसणार नाही अशी जागा दे म्हटलं, म्हणून थेट छताला टेकवलंस? जिने चढताना तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

तू खाली होतास, वरचं तुला कळलं नसेल. माझ्या शेजारी एक जाडे गृहस्थ होते, तुमच्याच क्लबची टोपी घातलेले. तुला रेषेवर उभं केलं तसं त्यांनी जाहीर केलं की आता हा घालवणार. तू माझा कोण, ते मी सांगितलं नाही. तू गुडघे वाकवलेस, चेंडू खाली नेलास, आणि सगळा हॉल फुटला. काय हसले रे! जाड्यांनी तर हातातलं पाणी माझ्या पायांवर सांडलं. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. एवढा धिप्पाड माणूस, आणि अंगणात बादली रिकामी केल्यासारखा! पण चेंडू वर गेला आणि रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. त्याच्यामागून दुसरा. जाडे बाटलीचं झाकण शोधत बसले.

पुढच्या वेळी निम्मेच हसले. मग तुझा एक चुकला, आणि पुन्हा सगळे सुरू झाले. त्या उंचावरून तुझा चेहरा काही दिसला नाही, पण हात दिसत होते. पंचाने चेंडू दिला आणि हात परत गुडघ्यांकडेच गेले. मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि तेव्हा कुठे टेकून बसले.

शेवटची मिनिटं आली. मोठ्या सरांनी एक-दोघांना बाकावर बोलावलं, तुला नाही. तुम्ही एका गुणाने पुढे होतात. चेंडू तुझ्या हातात आला, आणि वर्षभराच्या सवयीने त्यांची पोरं तुला धरायला धावली. तेवढ्यात त्यांचे ते निळ्या कोटातले सर उठले आणि दोन्ही हात हवेत नाचवून ओरडले, की याला नको, याला हात लावू नका. छतापर्यंत ऐकू आलं. पोरं बावचळली, एकमेकांकडे बघायला लागली, तू चेंडू छातीशी धरून उभा, आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला.

तुझ्या कराराची मला चिंता नाही. मोठ्या सरांनी दिला तर तिथे राहा. नाही दिला तर सरळ त्या निळ्या कोटाकडे जा. तुझी किंमत त्याच्याइतकी कुणालाच कळलेली नाही.

तुझ्या आईचे आशीर्वाद. पत्र लवकर लिही आणि आम्हा दोघींवर जीव असू दे.

तुझी आजी