भिंतीपलीकडची विकेट

आर्णी, बुधवार

तीर्थरूप विजयमाला आत्यास धम्मरत्नचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? मामाजींचा खोकला थांबला का? इकडे आई ठीक, बाबा ठीक, मी ठीक नाही. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण माझा फोन आता राहिलेला नाही. ते पुढे येईलच. (आईचा आहे, पण त्यावर बोललेलं चुलीपर्यंत ऐकू जातं.) साजिद मेकॅनिक उद्या सकाळी पुसदला चालला आहे, त्याच्या हाती हे देतो. तुझ्याकडे राहून शिकत होतो ते कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून आलो, तेव्हा तू रागाने म्हणाली होतीस, 'बस आता घरी टीव्ही पाहत.' आत्या, मी तुझा शब्द खाली पडू दिला नाही.

आठ महिन्यांत काय पाहिलं नाही ते विचार. क्रिकेट, कबड्डी, हॉकी, बॅडमिंटन. बर्फावरून दगड सोडतात आणि दोघं त्याच्यापुढे झाडू मारत पळतात, तो खेळसुद्धा दोन तास पाहिला. (आई म्हणाली, 'त्याइचं झाडून झालं असन त आता आपलं आंगन झाड.') मला खेळातलं फार कळतं असं नाही. पायाला चेंडू लागला की माणूस बाद का होतो आणि कधी कधी का होत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. पण मी खेळासाठी पाहतच नव्हतो, हे फक्त तुला सांगतो. शेजारच्या धर्मपालकाकांची आणि आमची भिंत एकच. भिंतीपलीकडे त्यांचा टीव्ही, आणि त्यांची प्रियंका. (बी.ए. झाली, बसस्टँडजवळच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते.) विकेट पडली की पलीकडून 'गेलाऽऽ' अशी आरोळी येते, आणि माझ्या काळजाचं जे होतं ते वडीलधाऱ्या माणसाला लिहिण्यासारखं नाही.

आता घोळ ऐक. त्यांच्याकडे केबल आहे, आमचा टीव्ही नेटवर चालतो, म्हणून आमच्या घरची मॅच अर्धं मिनिट मागे. तिकडे आरोळी होऊन जाते तेव्हा इकडे बॉलर अजून पँटला चेंडूच घासत असतो. त्यात धर्मपालकाका मॅच आमच्याकडे पाहतात. त्यांच्या आईने, मथुराबाईआजीने, त्यांना पनवती ठरवून घराबाहेर काढलं आहे. हे टीव्हीपुढे बसले की आपल्या विकेट जातात, असं तिचं म्हणणं. (काकांचा डावा कान कापसाच्या जिनिंगच्या मशीनपायी गेला, आणि मी त्यांना रोज डावा कान भिंतीकडे येईल असंच बसवतो.) एकदा आरोळी ऐकून सहज म्हणून गेलो, 'काका, हा आता चालला.' तो गेला. पुन्हा म्हटलं, पुन्हा गेला. मग काका टीव्हीपेक्षा माझ्याकडेच जास्त पाहू लागले. 'धम्मरत्नले खेळ कयते,' असं चौकात सांगून आले. मीही नाही म्हटलं नाही. माझ्याबद्दल चौकात कुणी बरं बोलल्याची ही पहिलीच वेळ होती.

मागच्या रविवारी आरोळी आली. मी बोट वर केलं, 'गेला.' त्याने सिक्स मारला. पुन्हा आरोळी, पुन्हा माझं बोट, पुन्हा सिक्स! माझं डोकं तुला ठाऊक आहे. हातातला फोन भिंतीवर हाणला, त्याचे तीन तुकडे झाले. काका ताडकन उभे राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. तर म्हणतात, 'असा जीव लावून पाहनारा पोरगा म्या पाह्यला नाही!' आणि लगेच पुढचं सांगितलं: येत्या रविवारी कळंबचे पाहुणे प्रियंकाला पाहायला येणार आहेत. मुलगा शाळेत खेळाचा मास्तर आहे. त्याच दिवशी फायनल. 'तू आमच्या घरी त्याच्या बाजूले बस, आन् त्याले खरंच खेळ समजते का ते पाह्य.' (आजीने काकांना टीव्हीकडे पाठ करून बसायची परवानगी दिली आहे.)

आत्या, मी मेलो. त्या घरात आरोळी आधी येणार नाही, जे होईल ते सगळ्यांना एकाच वेळी दिसेल. मास्तर एक प्रश्न विचारेल आणि मी उघडा पडेन. नाही गेलो तर तो पसंत पडेल, गेलो तर जास्तच पसंत पडेल. तीन दिवस झाले, पोळी मोडतो आणि ताटातच ठेवतो. (आईला कावीळ वाटते. डोळे ओढून पाहते.) शाळेची घंटा वाजली तरी मला मास्तर आला असं वाटतं. मामाजींना नमस्कार.

तुझा भाचा,
धम्मरत्न

ता.क. खरं काम राहिलंच. शनिवारी पहिल्या गाडीने ये आणि पाहुण्यांच्या आधी काकांपुढे माझा विषय काढ. कॉलेजचा विषय काढू नको.

आणखी ता.क. वरचं काम रद्द. पत्र बाजेवर ठेवून पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात प्रियंका विरजण मागायला आली आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. मी चिडणारच होतो, पण ती म्हणाली, 'रोज वरडते ते आजी हाये. मले त म्याचचा कंटाया येते.' म्हणजे आठ महिने मी मथुराबाईआजीच्या आवाजावर... जाऊ दे. मी विचारलं, 'मंग रविवारच्या त्या दोन आरोळ्या?' 'त्या माह्या. तू भिंतीपल्याडचं आयकून बाबाले खेळ सांगून राह्यला का, तेच पाह्याचं होतं.' मी म्हटलं, कर मग मास्तराशीच लग्न. ती म्हणाली, 'त्याले मी नाहीच म्हननार हाये, तुह्यासाठी नाही, माह्यासाठी. पन उद्या तुहं नाव बाबापुढं घ्याचं म्हटलं, त घेऊ काय सांगून? कॉलेजचे फॉर्म शनिवारपर्यंत चालू हायेत. म्या भरून देते.'

तर आत्या, तू इकडे येऊ नको, तिकडेच कॉलेजात जा. ज्या सरांच्या अंगावर मी वही फेकली होती, त्यांचीच सही लागते. त्यांना म्हण, पोरगं चुकलं. शुक्रवारी मी स्वतः येऊन म्हणणार आहे, पण माझ्याआधी तू म्हटलेलं बरं. ते काय म्हणतात ते खालच्या नंबरवर कळव. नंबर प्रियंकाचा आहे. तिनेच लिहिला आहे, म्हणून अख्ख्या पत्रात तेवढाच नीट वाचता येईल.