नववीचा राहिलेला पेपर

मी, अनसूया अनंतराव चारठाणकर, वय एकाहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, राजीखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्यानं कोणत्याही क्रियापदाची तिन्ही रूपं विचारून बघावीत. मृत्युपत्राचा हा तिसरा खर्डा. पहिले दोन फाडले, कारण मुख्य गोष्ट लिहायची हिंमतच होत नव्हती.

१. घर माझ्या पगारातून बांधलेलं आहे. मागच्या दोन खोल्या आणि अंगण भाचा सारंग याला. तो पुण्याहून फोन करतो तो "मावशी, पुढच्या खोलीत मोबाइलचं दुकान काढू का?" एवढंच विचारायला. पुढच्या खोलीत मी अजून पोरांना इंग्रजी शिकवते, ती मिळणार नाही. रुसायचं तर खुशाल रुसावं.

२. माझे सहकारी भगवानराव यांना काहीही नाही. न्यायचं ते त्यांनी आधीच नेलंय. माझी व्याकरणाची वही "दोन दिवसांसाठी" म्हणून नेली आणि स्वतःच्या नावानं गाईड छापलं, तेही माझ्या चुकांसकट! काहीच मिळणार नसल्यामुळे साक्षीला मात्र त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. समोर कान टवकारून बसलेत, बसू देत.

३. आप्पाराव सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी पट्ट्या: लाल कर्त्याची, हिरवी क्रियापदाची, निळी कर्माची. आपल्याकडे क्रियापद सगळ्यांना पुढं घालून शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग चालतं. हे पोरांच्या हातांना कळलं की डोक्यात बसतं. म्हणून वाक्य आधी पट्ट्यांनी जमिनीवर मांडायचं, मग वहीत लिहायचं. पट्ट्या पुढच्या खोलीतच राहतील. कुणी शोकेसमध्ये ठेवू नयेत.

४. पुढची खोली, फळ्यासह, राजेश्रीला. आता कारण लिहिते. मध्ये दोनदा उठून पाणी पिऊन आले.

२००७ चा एप्रिल. राजेश्री नववीत होती. घरचे पाथरीकडे ऊसतोडीला, तीही त्यांच्याबरोबर फडावर. वार्षिक परीक्षेसाठी पोर एकटी जीपनं आली आणि इंग्रजीच्या पेपरला चाळीस मिनिटं उशीर झाला. हातांवर उसाच्या पातीचे ओरखडे. म्हणाली, "बाई, जीप बंद पडली वो. बसू द्या, मी लवकर लिहिते. मला समदं येतंय." मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा," आणि दार लावलं. पेपर माझा, वर्ग माझा, बसू दिलं असतं तर मला कोण विचारणार होतं? पेपर संपेपर्यंत ती व्हरांड्यात उभी होती. नापास झाली, शाळा सुटली, पुढच्या हंगामात हाती कोयता आला, मग लग्न. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती ती. चूक माझी होती. अठरा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता ती इथंच शिवणकाम करते. तिची मुलगी विजयमाला माझ्या वर्गाला येते. राजेश्री तिला रोज दारापर्यंत सोडते, पण उंबरा ओलांडत नाही. मी म्हणते, "आत ये गं." ती म्हणते, "काम हाय बाई." त्या दिवशीची प्रश्नपत्रिका आणि एक कोरी उत्तरपत्रिका कपाटात जपून ठेवली आहे, तीही तिचीच. वकील म्हणाले, ज्याला मिळायचं त्यानं साक्षीला सही करू नये, केली तर त्याचा वाटा जातो. म्हणून तिला नुसतं ऐकायला बोलावलंय. येते की नाही या घोरात सकाळपासून दहादा दाराशी जाऊन आले. जिवाला चैन नाही.

५. नंतर जोडलेलं: ती आली. शेजारच्या कुसुमबाई हे मोठ्यानं वाचत होत्या, तोवर ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. चौथं कलम संपलं तशी आत आली, भगवानरावांच्या हातातला पेन काढून घेतला आणि म्हणाली, "सरका सर, साक्ष मी करते." मी म्हटलं, "अगं, मग खोलीचं काय?" तिनं पेन माझ्यापुढं धरला. "तुमी आधी सही करा बाई."

सही: अनसूया अ. चारठाणकर

साक्षीदार:
१. कुसुमबाई, शेजारीण
२. राजेश्री. बाईंनी माझ्यासमोर सही केली. खोली नको. माझा पेपर घ्या.

स्थळ: चारठाणा
दिनांक: १२ जून २०२५

शेरा: पेपर सोमवारी सकाळी अकराला, पुढच्या खोलीत. खोलीचं पेपर तपासल्यावर बघू. उशीर झाला तरी दार उघडं राहील. अ. चा.