पांढरं जेवण आणि आत्याची बरणी

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, आणि या खेपेला जरा जास्त वेळ ठेवतो. का, ते पुढे कळेलच. तुझा गुडघा कसा आहे? जिन्यातला दिवा कुणाकडून बदलून घेतलास, की अजून अंधारातच चाचपडत उतरतेस? माझी तब्येत उत्तम आहे. (पोट सोडून. पण पोटाचं कारण शरमेचं आहे, आजाराचं नाही.)

मागच्या पत्रात मी तुला कळवलं होतं की मास्तर माझ्या खोलीवर जेवायला येणार आहेत, पण तू स्वयंपाकाला यायची तसदी घेऊ नकोस, मंडळी खाण्यापिण्यात फार नाजूक आहेत, मी निभावून नेईन. ‘निभावून नेईन’ हे शब्द मी मुद्दाम वळणदार अक्षरात काढले होते. ते आठवले की आता कानशिलं तापतात.

जेवणाचं मूळ असं. शिंप्याच्या त्या दुकानात मी अजून काजं, बटणं आणि खालच्या दुमडीवरच आहे. कापायचं टेबल मास्तरांचं. पण हल्ली त्यांचा हात थरथरतो, म्हणून मोठी कात्री कुणाच्या तरी हाती सोपवायची आहे, आणि तो कुणीतरी मीच असावा यासाठी मी किती दिवस आस लावून बसलोय हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? मास्तर म्हणाले, “ज्याच्या हाती महागाचं कापड द्यायचं, तो घरी कसा वागतो ते बघायला हवं. रविवारी जेवायला येतो.” मास्तर येणार म्हणजे काकू येणार. (काकू म्हणजे त्यांची बायको. दुकानाचा गल्ला आणि मास्तर, दोन्ही त्यांच्या ताब्यात.) आणि काकू येणार म्हणजे त्यांचा भाऊ येणार. त्यांना आम्ही कॉलरमामा म्हणतो, कारण त्यांनी जन्मात कॉलरखेरीज काही शिवलं नाही आणि त्यांची मानही तशीच ताठ झाली आहे.

दुपारी कुणाचाही डबा उघडला की हे तिघं त्यात सुई पडल्यासारखं निरखून बघतात. म्हणून चूक नको, या विचाराने मी शनिवारी दुकानातच तिघांना एकत्र गाठून विचारलं, की आपल्याला काय काय चालत नाही? आत्या, इथेच घात झाला. मास्तरांनी मला अगदी पहिल्या दिवशी शिकवलेलं आहे, की गिऱ्हाइकाला कंबर कधी विचारायची नाही, गुपचूप फीत लावायची. चारचौघांत विचारलं की माणूस पोट आत ओढून उत्तर देतो. पँटच्या बाबतीत मी हे एकदाही विसरलो नाही. जेवणालाही तेच लागू आहे हे मात्र मेलं डोक्यातच आलं नाही.

मास्तरांनी काकूंकडे चोरून पाहिलं आणि म्हणाले, “मला तिखट वर्ज्य.” काकूंनी भावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “लसणाचा तर मला वाससुद्धा सोसत नाही बाई.” मग कॉलरमामा मागे कसे राहतील? त्यांनी तेल, बिया, रंगीत पदार्थ आणि एकमेकांना टेकलेलं अन्न, असं सगळंच नाकारलं. मी मान डोलावत गेलो आणि एकेक जिन्नस कापत गेलो. साधा शिंपीसुद्धा पुढेमागे सैल करायला शिवणीत दोन बोटं कापड सोडतो. मी सूतभर सोडलं नाही.

शेवटी उरलं काय? भात, उकडलेले बटाटे, सोलून बिया काढलेली काकडी आणि उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग. (पिवळे बलक टाकवले नाहीत, म्हणून ते मीच खाल्ले. पोटाचं कारण ते.) पांढऱ्या ताटांत पांढरे पदार्थ, एकमेकांपासून अंतर राखून. लांबून वाटावं, अस्तराचे तुकडे मांडलेत. आणि तू दिलेली मिरची-लसणाच्या चटणीची ती लालभडक बरणी मी पडद्यामागे, ओट्यावरच्या फळीवर, इस्त्रीच्या आड लपवली.

मंडळी बसली. कॉलरमामांनी भात बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, “खळ बरी बसलीय.” मास्तरांनी बटाट्याची फोड उजेडात धरून उलटसुलट केली, कापडाची सुलटी बाजू शोधतात तशी. काकू म्हणाल्या, “साधं आहे हो, छान आहे.” दंडात घट्ट झालेला शर्ट गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना त्यांचा जो आवाज लागतो, तोच लागला होता. मी तिथेच समजायला हवं होतं.

एवढ्यात वाऱ्याने पडदा हलला आणि मास्तर म्हणाले, “फळीवर ते लाल काय रे?”

आता जे लिहितो ते लिहिताना हात जड झाला आहे. मी म्हणालो, “रंग आहे मास्तर. कापडाचा.” का म्हणालो, देव जाणे. एवढ्या नाजूक माणसांना आमच्या घरात असलं जहाल खातात हे कळू नये, असं वाटलं. ज्या बरणीवर मी लहानाचा मोठा झालो, तिला मी रंग म्हणालो.

थोड्या वेळाने मास्तर हात धुवायला म्हणून पडद्यामागे गेले. जेवण अर्धं राहिलेलं असताना हात धुणं मला चमत्कारिक वाटलं. परत आले ते डोळे पुसत. म्हणाले, “फार मायेने रांधलंयस, भरून आलं.” मग काकू पाणी आणायला गेल्या आणि पाणी न आणताच परतल्या. मग कॉलरमामा गेले. ते बराच वेळ आलेच नाहीत, नुसतं सूं सूं ऐकू येत होतं. मला वाटलं, सर्दी असेल. मंडळी गेल्यावर बघतो तर बरणी रिकामी, आणि पांढऱ्या कॉलरवर पडावा तसा एक लाल ओघळ पडद्यावर.

सोमवारी मास्तरांनी मला कापायच्या टेबलापाशी बोलावलं. म्हणाले, “रंग झकास होता.” धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बरणी आत्याच्या हातची होती, हे कबूल करून टाकलं. मग हळू आवाजात म्हणाले, “माप चुकलं, त्याचं काही नाही. उसवून पुन्हा शिवता येतं. पण घरच्या माणसाच्या हातची वस्तू तू परक्यांपुढे नाकारलीस. अशा हाती कात्री द्यायला मला भीती वाटते.” आणि कात्री परत खिळ्याला अडकवली.

त्यांचं काहीच चुकलं नाही. कात्रीचं मी आता मनावर घेत नाही. तू मनातून राग काढून टाकावास, एवढंच मागणं. माझ्यासाठी धावपळ करून यायची मुळीच गरज नाही.

तुझा, न निभावलेला,
भाचा

ता. क. मुळीच गरज नाही असं वर लिहिलं आहे, ते धरू नकोस. सोमवारीच दुकानातून घरी जाता जाता मास्तर म्हणाले होते, “बरणी जिची, तिला आण. तिच्यासमोर, तिच्या हातचं जेवू, मग कात्रीचं बघू.” तेव्हा येत्या रविवारी ये. मी कांदे चिरीन. कुणालाही काही विचारणार नाही.

दुसरा ता. क. येताना बरण्या तीन आण. तिघांनीही मला वेगवेगळं गाठून एकेक मागितली आहे, आणि बाकीच्या दोघांना कळू देऊ नकोस अशी शपथ घातली आहे.

तिसरा ता. क. रिकामी बरणी अजून धुतली नाही. वास जाईल म्हणून. रागावली असशील तर जरूर रागाव, पण इथे येऊन रागाव.